होम लहान करून व्हारला जागा देताना: आधी फाइल सिस्टीम, मग व्हॉल्यूम

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्व्हरवर डेबियन लिनक्स आहे; डिस्कची जागा वाटून देणाऱ्या एलव्हीएमचा एकच व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा एकच साठा आहे, त्यात मोकळी जागा शिल्लक नाही आणि नवी डिस्क मिळणार नाही. होमचे, म्हणजे वापरकर्त्यांच्या फायलींचे, लॉजिकल व्हॉल्यूम (त्या साठ्यातून काढून दिलेला भाग) १०० जीबीचे असून त्यातले ३१ जीबीच वापरात आहेत, तर ज्या व्हारमध्ये डेटाबेस राहतो ते ९६ टक्के भरले आहे. दोन्हींवर एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टीम आहे. होम ६० जीबीचे करून उरलेले ४० जीबी व्हारला देता येतील का, सर्व्हर चालू ठेवून देता येतील का, आणि एलव्हीरिड्यूस या व्हॉल्यूम लहान करणाऱ्या आज्ञेला छोट्या आरचा पर्याय दिला की काम झाले असे ऐकले ते खरे का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही, आणि तिसऱ्याचे बरेचसे खरे असले तरी तेवढ्यावर विसंबून राहू नये, असे आहे. आज्ञा मी फोनवरून सांगताना उच्चारतो तशाच येथे लिहिल्या आहेत; ‘वजा’ म्हणजे आडवी रेघ, आणि अक्षर मोठे की छोटे हे जिथे महत्त्वाचे आहे तिथे तसे म्हटले आहे. ही वजाची रेघ पुढे आपल्याला बरीच सतावणार आहे.

सुरुवातीला एक उलटा प्रश्न विचारतो, कारण या कामात सर्वांत सुरक्षित आकुंचन म्हणजे जे करावेच लागले नाही ते. व्हार खरोखर डेटाबेसने भरले आहे, की जर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीच्या, जुन्या नोंदींनी आणि पॅकेजच्या उतरवून ठेवलेल्या फायलींनी? डीयू चालवून व्हारमधल्या प्रत्येक डिरेक्टरीचा आकार पाहा. जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइझचा पर्याय देऊन आणि एपीटीला क्लीन सांगून पुरेशी जागा सुटत असेल, तर पुढचा मजकूर सवडीने वाचा. डेटाबेसच वाढत असेल आणि सर्व्हरमध्ये आणखी एक डिस्क बसवण्याइतकी जागा असेल, तर नवी डिस्क घेऊन ती व्हीजीएक्सटेंडने ग्रुपमध्ये घालणे मी केव्हाही पसंत करीन. मात्र तेव्हा ग्रुप दोन डिस्कवर पसरतो आणि त्यातली एक गेली की दोन्हींवर पसरलेले व्हॉल्यूमही जाते, हे मालकांना आधी सांगून ठेवावे. नवी डिस्क मिळणार नाही असे तुम्ही लिहिलेच आहे, म्हणून पुढे जाऊ.

फाइल सिस्टीम खरोखर एक्स्ट-फोरच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. एलएसबीएलके वजा एफ म्हटले की प्रत्येक व्हॉल्यूमसमोर प्रकार लिहून येतो. हा सल्ला बालिश वाटेल, पण रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांत २०१४ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस हाच मूळ पर्याय आहे, आणि एक्सएफएस वाढवता येते तसे व्यवहारात लहान करता येत नाही. तिथे मार्ग एकच उरतो: डेटा दुसरीकडे काढायचा, व्हॉल्यूम मोडून लहान बांधायचे आणि डेटा परत आणायचा. बीटीआरएफएस चालू असतानाही लहान होते. एक्स्ट-फोर मधल्या जातीचे आहे: वाढायचे असेल तर माउंट असतानाही, म्हणजे वापरासाठी जोडलेले असतानाही, वाढते, लहान व्हायचे असेल तर मात्र आधी अनमाउंट करावेच लागते.

आता कामाच्या मुळाशी जाऊ, कारण तुमच्या प्रश्नातल्या ‘होम ६० जीबीचे करून’ या शब्दरचनेत धोका दडलेला आहे. व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टीम या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. तुमच्या पॅकहाउसच्या भाषेत सांगायचे तर व्हॉल्यूम म्हणजे शीतगृहाची खोली आणि फाइल सिस्टीम म्हणजे त्या खोलीत कोणती पेटी कोणत्या ओळीत ठेवली आहे याची वही. खोलीची मागची भिंत पुढे सरकवायची असेल, तर आधी मागच्या पेट्या पुढे आणाव्या लागतात आणि वहीत त्यांच्या नव्या जागा लिहाव्या लागतात, भिंत त्यानंतर. एलव्हीएम हा भिंत सरकवणारा गवंडी आहे. पेट्या आहेत की नाहीत, हे पाहणे हे मुळात त्याचे काम नाही. व्हॉल्यूम चार-चार एमबीच्या एक्स्टेंटांचे बनलेले असते, म्हणजे तुमच्या १०० जीबीत असे २५,६०० तुकडे आहेत, आणि लहान करा म्हटले की तो शेपटाकडचे १०,२४० तुकडे सोडून देतो. त्यांवर कोणाच्या फायली होत्या याची चौकशी तो पूर्वी करीतच नसे. डेटा नष्ट होऊ शकतो असा इशारा मोठ्या अक्षरांत दाखवून हो की नाही एवढे विचारत असे. अलीकडच्या आवृत्त्यांत एलव्हीरिड्यूस फाइल सिस्टीमचा आकार तपासते आणि ती मोठी असेल तर नकार देते. पण कारखान्यांमधले सर्व्हर पाच-सात वर्षे कोणी अद्ययावत करीत नाही, तेव्हा आपली आवृत्ती जुनीच आहे असे धरून चालावे.

म्हणून क्रम ठरलेला आहे. लहान करताना आधी फाइल सिस्टीम आणि मग व्हॉल्यूम; वाढवताना आधी व्हॉल्यूम आणि मग फाइल सिस्टीम.

३१ जीबी वापरात आहेत हा आकडा तुम्ही डीएफ या वापरलेली जागा दाखवणाऱ्या आज्ञेवरून घेतला असणार. आपण नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढले यावरून मोजतो. ती खूण खरी असते, पण धरणातून किती पाणी सुटले हा हिशेब निराळाच असतो. डीएफचे तसेच आहे. फाइल सिस्टीम किती लहान होऊ शकेल हे रिसाइझ-टू-एफएस या एक्स्ट-फोरचा आकार बदलणाऱ्या आज्ञेला वजा मोठा पी देऊन विचारावे. उत्तर ब्लॉकांत, म्हणजे फाइल सिस्टीमच्या छोट्या तुकड्यांत, येते. ब्लॉक चार केबीचा असेल तर आलेल्या आकड्याला २,६२,१४४ ने भागले की जीबी मिळतात. समजा ९० लाख ब्लॉक आले, तर किमान आकार सुमारे ३४.३ जीबी झाला. हा अंदाज असतो, हमी नव्हे, हे त्या आज्ञेच्या माहितीपानावरच लिहिलेले आहे. ६० आणि ३४ यांत भरपूर अंतर आहे, त्यामुळे तुमच्याकडे काळजी नाही. हेच अंतर दोन-तीन जीबीचे असते, तर मी हे काम अंगावर घेऊ नका असे म्हटले असते.

बॅकअपबद्दल सगळेच सांगतात, म्हणून मी फक्त जे सहसा सांगितले जात नाही तेवढेच सांगतो. एलव्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत, येथे बॅकअपच्या जागी चालत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये त्यासाठी जागाच नाही, ही झाली वरवरची अडचण. खरी अडचण अशी की ज्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेतला आहे ते लहान करायला एलव्हीएम साफ नकार देते. तेव्हा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर किंवा बाहेरच्या डिस्कवरच हवा. आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेने घेत असाल तर छोट्या एबरोबर मोठा एच, मोठा ए आणि मोठा एक्स हे पर्यायही द्या, नाहीतर हार्ड लिंक तुटतात आणि परवानग्यांच्या विस्तारित याद्या गळतात. बॅकअप झाल्यावर त्यातली एखादी मोठी फाइल परत काढून मूळ फाइलशी चेकसम जुळवून पाहा. व्हार आपण लहान करणार नसलो, तरी तेही त्याच ग्रुपमध्ये आहे. डेटाबेसचा वेगळा डंप काढून तोही बाहेर ठेवा.

विजेचे पाहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दाटून आला की सायंकाळी वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि रिसाइझ-टू-एफएस ब्लॉक हलवत असताना यंत्र बंद पडले तर फाइल सिस्टीम अर्धवट अवस्थेत सापडू शकते. एखादी फाइल लिहिताना वीज गेली तर फाइल सिस्टीमचे स्वतःचे जर्नल जसे सावरून घेते, तसे ते येथे घेईलच असे धरता येत नाही. यूपीएस आहे एवढ्यावर थांबू नका. आदल्या दिवशी भिंतीवरचा प्लग काढून तो सर्व्हरला किती मिनिटे धरतो ते घड्याळ लावून पाहा. काम सर्व्हरसमोर बसून करता आले तर उत्तम. दुरूनच करावे लागले तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये करा, म्हणजे मध्येच नेट गेले तरी आज्ञा चालू राहील. डिस्क जुनी असेल तर स्मार्टसीटीएलने तिची प्रकृतीही पाहून घ्या, कारण वर्षानुवर्षे न वाचलेले ब्लॉक या कामात वाचले जाऊ शकतात आणि खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात.

आता प्रत्यक्ष काम. होम अनमाउंट करायचे आहे, आणि तुमचे स्वतःचे खातेच होममध्ये असल्यामुळे आपल्या नावाने लॉगिन करून सूडोने हे होणार नाही. ज्या फांदीवर बसलात तीच कापणे होईल. थेट रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून कन्सोलवर या, किंवा सिस्टीम रेस्क्यू अवस्थेत न्या. सांबा, क्रॉन आणि होममध्ये लिहिणाऱ्या इतर सेवा थांबवा. तरीही होम व्यस्त आहे असे उत्तर आले, तर फ्यूजरला छोटा व्ही आणि छोटा एम देऊन कोण बसले आहे ते पाहा. येथे एक मोह टाळायचा आहे. यूमाउंटला वजा छोटा एल दिला की होम लगेच निघाल्यासारखे दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. ते निघालेले नसते. फक्त नजरेआड होते, आणि ज्यांनी फायली उघडल्या आहेत ते तिथे लिहीतच राहतात. त्या अवस्थेत दुरुस्तीची आज्ञा चालवणे म्हणजे चालत्या यंत्रात हात घालणे.

रूटचीच, म्हणजे सिस्टीम जिच्यावरून चालते ती, फाइल सिस्टीम लहान करायची असती, तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून व्हीजीचेंजने ग्रुप जागा करावा लागला असता, आणि डिस्क लक्सच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असती तर त्याही आधी ते कुलूप उघडावे लागले असते. तुम्हाला ती गरज नाही.

होम निघाल्यावर ई-टू-एफएस-सीके वजा एफ चालवा. फाइल सिस्टीम स्वच्छ आहे अशी नोंद असली तरी वजा एफमुळे पूर्ण तपासणी होते, आणि ती झाल्याशिवाय रिसाइझ-टू-एफएस पुढे जातच नाही. आधी तपासणी करा असे सांगून थांबते. तपासणीचे पाच टप्पे पडद्यावर दिसतात. त्यात दुरुस्त्या निघाल्या तर त्या करून घ्या आणि तपासणी पुन्हा एकदा चालवा. दुसऱ्या फेरीतही दुरुस्त्या निघाल्या, तर त्या दिवशी काम थांबवून डिस्कचे काय बिघडले आहे ते आधी शोधा.

यानंतर फाइल सिस्टीम लहान करायची, पण ६० जीबीवर नाही. ५५ वर आणा. रिसाइझ-टू-एफएस, वजा छोटा पी, व्हॉल्यूमचा मार्ग आणि शेवटी ५५जी. वजा पीमुळे प्रगती दिसते: ब्लॉक हलवण्याचा टप्पा, मग आयनोडचे, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीनोंदींचे, तक्ते पाहण्याचा, मग आवश्यक तिथे संदर्भ बदलण्याचा, आणि प्रत्येकाखाली एक्सची रांग हळूहळू उजवीकडे सरकते. ती मध्येच थबकते. घाबरून कंट्रोल-सी दाबू नये. एसएसडीवर ३१ जीबीसाठी हे काम मिनिटांत आटोपते. जुन्या फिरत्या डिस्कवर फायली शेवटापर्यंत विखुरल्या असतील तर तासही लागतात. शेवटी फाइल सिस्टीम आता १,४४,१७,९२० ब्लॉकांची आहे अशा अर्थाची ओळ येईल. ५५ ला २,६२,१४४ ने गुणले की हाच आकडा मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा.

५५ का, हे सांगतो. आकड्यांच्या बाबतीत या दोन आज्ञा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नव्हेत. रिसाइझ-टू-एफएसला आकड्यामागे अक्षर दिले नाही तर ती तो आकडा ब्लॉकांचा समजते. एलव्हीरिड्यूसला अक्षर दिले नाही तर ती एमबी समजते. एक ब्लॉकांत मोजते, दुसरी एक्स्टेंटांत मोजून पूर्णांक करते. ६०ला ६० नेमके जुळवायला गेलात आणि कुठे एका एक्स्टेंटाचा फरक पडला, तर फाइल सिस्टीमचे शेपूट भिंतीबाहेर राहते. पाच जीबीची मोकळीक मध्ये सोडली की या हिशेबातली कोणतीही चूक त्या मोकळिकीत जिरते, आणि ती जागा वायाही जात नाही, कारण शेवटी आपण फाइल सिस्टीम पुन्हा भिंतीपर्यंत वाढवून घेणार आहोत.

आता व्हॉल्यूम: एलव्हीरिड्यूस, वजा मोठा एल, ६०जी, आणि व्हॉल्यूमचा मार्ग. येथे माझी स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजूच्या एका कारखान्यात नेमके हेच काम होते, १०० चे ६०. मी नाशिकमध्ये घरी, तिकडे एक होतकरू तंत्रज्ञ सर्व्हरसमोर, आणि मधे फोन. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. फाइल सिस्टीम आम्ही बरोबर ६० जीबीवर आणली होती. मोकळीक ठेवण्याची अक्कल तेव्हा मला नव्हती. मग मी म्हणालो, ‘‘एलव्हीरिड्यूस, वजा एल, वजा चाळीस जी.’’ म्हणजे आहे त्यातून ४० कमी कर. दुसरा ‘वजा’ त्याला पहिल्याचीच पुनरुक्ती वाटली आणि त्याने तो एकदाच टाइप केला. वजा एल चाळीस म्हणजे ४० कमी कर नव्हे, ४० चे कर. यंत्राने नेहमीचा इशारा दाखवला, त्याने मला विचारले, ‘‘सर, हो म्हणू ना?’’, आणि पडद्यावरचा आकडा वाचायला न सांगता मी हो म्हणालो. साठ जीबीची फाइल सिस्टीम चाळीस जीबीच्या खोलीत राहिली.

माउंट होईना. तपासणीची आज्ञा चालवली तेव्हा तिने सांगितले की सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या मुख्य नोंदीच्या, मते आकार १,५७,२८,६४० ब्लॉक आहे, पण उपकरण १,०४,८५,७६० ब्लॉकांचेच आहे, थांबायचे का? लक्षात घ्या, येथे ‘होय’ म्हणजे थांबा आणि ‘नाही’ म्हणजे पुढे जा. घाईत माणूस ‘नाही, थांबायचे नाही, दुरुस्त कर’ असे म्हणतो, आणि ती आज्ञा जे ब्लॉक आता दिसतच नाहीत त्यांच्यावरच्या फायलींची वासलात लावू लागते. त्या मुलाने होय म्हटले. तो विचार करून होता की दैवयोग, हे मी त्याला कधी विचारले नाही.

वाचलो ते दोन कारणांनी. सुटलेल्या तुकड्यांवर तोवर कोणी काही लिहिले नव्हते, आणि एलव्हीएम प्रत्येक बदलापूर्वी ग्रुपचा नकाशा ईटीसीखालच्या एलव्हीएम डिरेक्टरीतल्या अर्काइव्हमध्ये जपून ठेवते. व्हीजीसीएफजीरिस्टोरला यादी मागितली की प्रत्येक नकाशासमोर तो कोणत्या आज्ञेच्या आधी काढला हे लिहिलेले दिसते. आम्ही एलव्हीचेंजने व्हॉल्यूम निष्क्रिय केले, त्या चुकीच्या आज्ञेच्या आधीचा नकाशा परत बसवला, व्हॉल्यूम पुन्हा सक्रिय केले आणि तपासणी निर्धोक पार पडली. एलव्हीएक्सटेंडने २० जीबी परत जोडूनही बहुधा भागले असते, पण ती आज्ञा तेच तुकडे, त्याच क्रमाने उचलेल याची खात्री नसते. जुना नकाशा तंतोतंत तेच तुकडे परत देतो. अशा चुकीनंतर सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या ग्रुपमध्ये दुसरे काहीही न करणे. नवे व्हॉल्यूम बनवू नये, कोणतेही वाढवू नये, फाइल सिस्टीमची ‘दुरुस्ती’ करू नये.

दुधाने तोंड पोळल्यापासून मी वजाचा दुसरा प्रकार वापरतच नाही. किती कमी करायचे हे कधी सांगत नाही, किती उरायला हवे तेच सांगतो. इशारा आला की त्यातला आकडा मोठ्याने वाचतो, ६०.०० जीबी असे दिसले तरच हो म्हणतो. जीचे अक्षर गळून नुसते ६० दिले गेले, तर व्हॉल्यूम ६० एमबीचे होईल, आणि इशाऱ्यात तेही स्पष्ट दिसते, फक्त वाचणारा हवा. याच कारणाने एलव्हीरिड्यूसला वजा वाय किंवा वजा एफ देऊन प्रश्न टाळण्याची सवय लावून घेऊ नये.

त्या कारखान्यात आम्ही वाचलो, पण त्या वाचण्यालाही दोन पळवाटा आहेत आणि त्या तुम्ही आज्ञा चालवण्याआधीच बुजवायला हव्यात. एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये इश्यू-डिस्कार्ड्स नावाची एक ओळ असते. तिची किंमत मुळात शून्य असते. कोणी हौसेने ती एक केली असेल, तर सोडलेले तुकडे रिकामे झाल्याचा निरोप एसएसडीला तत्काळ जातो, आणि मग जुना नकाशा परत बसवला तरी त्या जागी जुना डेटा मिळण्याची आशा उरत नाही. ती शून्य आहे ना, ते पाहा. दुसरे असे की पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्समधून काम करत असाल, तर तो अर्काइव्हही त्या लाइव्ह लिनक्सच्याच ईटीसीत, म्हणजे मेमरीत, लिहिला जातो. यंत्र पुन्हा सुरू केले की नकाशाही गेला. पेन ड्राइव्ह काढण्याआधी ती डिरेक्टरी दुसरीकडे उतरवून ठेवा. हे मी कित्येक जाणत्यांना विसरताना पाहिले आहे.

एलव्हीरिड्यूसनंतर एलव्हीएसने होम ६० जीबी दिसते ना ते पाहा, आणि मग रिसाइझ-टू-एफएस कोणताही आकार न देता चालवा. आकार दिला नाही की ती फाइल सिस्टीम व्हॉल्यूमच्या टोकापर्यंत वाढवते. आता १,५७,२८,६४० ब्लॉक असे उत्तर यायला हवे. पुन्हा एकदा वजा एफसह तपासणी करा आणि होम माउंट करा. दोन-चार वापरकर्त्यांच्या फायली उघडून पाहा, आणि बॅकअपशी आरसिंक फक्त तुलनेपुरते, म्हणजे आधीच्याच पर्यायांबरोबर छोटा एन, छोटा सी आणि छोटा आय देऊन, चालवा. ते काहीही हलवत नाही. काय वेगळे आहे तेवढे सांगते. यादी रिकामी आली की मगच व्हारकडे वळा, आधी नाही. कारण ज्या क्षणी सुटलेले तुकडे व्हारला जातात आणि डेटाबेस त्यांवर लिहू लागतो, त्या क्षणी मागे फिरण्याची वाट बंद होते.

होममधल्या काही फायलींचे आयनोड क्रमांक या कामात बदललेले असू शकतात, कारण कापलेल्या भागातले आयनोड पुढे आणून त्यांना नवे क्रमांक द्यावे लागतात. एरवी कोणाला याचे सोयरसुतक नसते, पण होम एनएफएसवरून इतर यंत्रांवर माउंट होत असेल तर तिथे फाइलचा संदर्भ शिळा झाल्याची तक्रार येईल. तिकडे एकदा अनमाउंट-माउंट केले की ती जाते.

आता छोट्या आरचा मुद्दा. एलव्हीरिड्यूसला वजा छोटा आर दिला की फाइल सिस्टीमची तपासणी, तिचे आकुंचन आणि मग व्हॉल्यूमचे आकुंचन हे सारे योग्य क्रमाने ती स्वतःच करवून घेते. हा पर्याय चांगला आहे आणि क्रमाची चूक त्याने टळते. तरीही तो दिलात म्हणजे बॅकअप, वीज आणि वजाची रेघ यांची काळजी संपली असे होत नाही. वजा मोठा एल आणि ४०जी असे लिहिले तर तो इमानाने फाइल सिस्टीमही ४० ची करील, निदान डेटा तरी शाबूत राहील. मी स्वतः हाताने करतो, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर वाचून मगच पुढे जाण्याची मला सवय आहे. वर्षातून एखाद्या वेळी हे काम करणाऱ्याने मात्र छोटा आर वापरावा असेच मी सांगेन, फक्त सगळे टप्पे आधी समजून घेऊन. खरा धोका तो वापरण्यात नसून, आज्ञा जुन्या नोंदीतून उचलताना तेवढे एक अक्षर गळण्यात आहे.

व्हार वाढवताना छोटा आर बेलाशक द्या: एलव्हीएक्सटेंड, वजा छोटा आर, वजा मोठा एल, अधिक ३०जी. एक्स्ट-फोर माउंट असतानाच वाढत असल्याने यासाठी डेटाबेस थांबवण्याची गरज नाही. येथे ‘अधिक’ विसरू नका.

आणि हो, ४० नव्हे, ३०. उरलेले दहा जीबी ग्रुपमध्ये मोकळे पडू द्या. मुळात सर्व्हर बसवणाऱ्याने सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकली म्हणून आज तुम्हाला होम कापावे लागत आहे. पुढच्या हंगामात व्हार पुन्हा भरत आले, तर हे दहा जीबी एका आज्ञेत, दुपारी पॅकिंग चालू असतानाही देता येतील.